पाण्याच्या दिवशी येणारी फिट

आमच्या मांजराला फिट यायची ती नेमकी नळाला पाणी आल्यावर. एरवी नाही. एरवी ते खुशाल उन्हात लोळत पडलेलं असायचं. पण नळ सूं करायला लागला, मी पाइप जोडला, मोटार चालू केली, ड्रम जरा भरत आला, की आतून हाक ठरलेली. "अगं, लवकर ये की! कूसूला आलं बघ परत!" मी पाइप तिथंच टाकून आत पळायचे. पाइप मोकाट सुटून बोळभर पाणी उडवायचा, शेजारीण तिच्या दारातून ओरडायची, आणि मी फरशीवर गुडघे टेकून त्या एवढ्याशा जिवाची धडपड बघत बसायचे. वैताग नुसता! इतके दिवस मेलं रिकामंच असतं, मग आजचाच मुहूर्त कसा सापडतो ह्याला?

सोलापुरात पाण्याचा दिवस म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. चार-पाच दिवसांनी एकदा पाणी येणार, तेही कधी सकाळी, कधी भर दुपारी. आलं की ड्रम, वरची टाकी, हंडे, कळशा, घमेलं, जे जे रिकामं दिसेल ते भरून ठेवायचं. त्या दिवशी आम्ही घर सोडत नाही. कुणाकडे बारसं असो नाहीतर बँकेचं काम असो, उत्तर एकच: आज पाणी आहे. समोरचाही लगेच "हां हां, मग राहू द्या" म्हणतो. सख्ख्या बहिणीच्या मुलीच्या साखरपुड्याला मी ह्याच पायी गेले नाही, आणि बहीण रुसली नाही, कारण तीही इथलीच.

आता हे मांजर आणि ती हाक मारणारी बाई, दोघांचंही सांगते. हाक मारायच्या त्या अक्का, माझी मोठी नणंद. अक्कलकोटच्या पलीकडच्या एका खेड्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं. मूलबाळ नाही. यजमान गेले तेव्हा आमचे हे जाऊन त्यांना घेऊन आले. आल्या, खिडकीशी खाट होती तिच्यावर बसल्या, आणि तिथंच थांबल्या. बोलायच्या नाहीत. विचारलं तर "हं". अर्धी भाकरी खायच्या, तीही मी समोर उभी राहिले तर. मी शेंगाचटणी कुटून दिली, हुरडा आणला, चिडून बघितलं, गोड बोलून बघितलं. माझं गोड बोलणं फार वेळ टिकत नाही, ते सोडा. पण खरं सांगते, मला भीती वाटायला लागली होती. दिवसेंदिवस बाई विझत चालल्या होत्या आणि मी ताट घेऊन नुसती बघत होते.

आमचे हे टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहेत, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे. एका संध्याकाळी हे कारखान्यातून आले आणि डब्याच्या पिशवीतून मांजराचं पिल्लू काढलं. सुताच्या खोक्यात सापडलं, आई परत आली नाही, म्हणाले. मी असं काही ओरडले की अख्ख्या बोळाने ऐकलं असेल. घरात माणसांना पाणी पुरत नाही आणि हे जनावर आणतात! तेवढ्यात खाटेवरून अक्कांनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, "बा." कानडीत बा म्हणजे ये. किती दिवसांनी त्यांच्या तोंडून शब्द फुटला होता. पिल्लू गेलं की हो सरळ! मी तोंड मिटलं.

त्या दिवसापासून मांजर अक्कांचं. त्या त्याला कूसू म्हणायच्या, म्हणजे लेकरू. त्याला दूधभाकरी कुस्करताना स्वतः दोन घास खायच्या. दिवसभर त्याच्याशी कानडीत बोलायच्या, आणि ते काय समजायचं कोण जाणे, पण मी मराठीत हाकललेलं ते कधी हललं नाही. मला कानडी येत नाही. माझ्याच घरात माझ्याबद्दल काय बोलणं चाललंय हे मला कळायचं नाही. पण अक्का हसायला लागल्या होत्या, अंगणात येत होत्या. म्हणून फिटा सुरू झाल्या तेव्हा माझा जीव मांजरासाठी कमी आणि अक्कांसाठी जास्त तुटायचा. हे मांजर गेलं तर ही बाई परत त्या खिडकीशी जाऊन बसणार, आणि ह्या खेपेला उठायची नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

पहिली फिट आली तेव्हा मांजर अजून वर्षाचंही नव्हतं. जबडा कटकट वाजायला लागला, तोंडाला फेस, चारी पाय सायकल मारल्यागत हलायला लागले, खाली मुतलं. मग एकदम थांबलं. उठलं, भिंतीला धडकलं, कोपऱ्यात जाऊन उभं राहिलं आणि थोड्या वेळाने शांतपणे खायला मागायला आलं. आम्ही दोघी घामाने भिजलेल्या, आणि ह्याचं म्याव चालू!

शेजारीण पहिल्यांदा चप्पल घेऊन आली. जिवाला जीव देणारी बाई, पण सल्ले द्यायला लागली की आवरत नाही. "भाभी, इसकू चप्पल सुंघाव!" मी म्हटलं, अहो मांजर आहे ते. ती ऐकते कसली. पुढच्या वेळी कांदा फोडून आणला. त्यानंतर लोखंडी किल्ल्यांचा जुडगा. तो मांजराच्या पंजात धरवायचा म्हणे. मांजराचा पंजा केवढा, जुडगा केवढा! मग नजर. "मैं कबसे बोल रई, नजर लगी इसकू." दुवा फुंकलेलं पाणी घेऊन आली. मी म्हटलं, बाई गं, पाण्याच्या दिवशीच तर हे होतंय, आणखी पाणी कशाला?

आमच्या ह्यांनाही ते पाण्याचं पटलं, पण आपल्या पद्धतीने. मोटारीचा करंट पाण्यात उतरतो आणि मांजराला झटका बसतो, असं त्यांनी ठरवलं. हातात टेस्टर घेऊन नळ तपासला, पाइप तपासला, भिंत तपासली, शेवटी मांजराच्या वाटीतसुद्धा टेस्टर बुडवला. मी म्हटलं, करंट उतरतो तर पाइप धरून मी उभी असते, मला कशी फिट येत नाही? तर म्हणे तुझं अंग घट्ट आहे. म्हणजे मी काय लाकूड आहे? ते जमलं नाही तेव्हा पाण्यातल्या औषधाच्या पावडरीवर आले. मांजराला जारचं पाणी सुरू झालं. घरात माणसं नळाचं पिणार आणि मांजर जारचं! तरीही पाण्याच्या दिवशी फिट आलीच.

जनावरांचे डॉक्टर सात रस्त्याच्या पुढे बसतात. शांत माणूस. आम्ही मांजर पिशवीत घालून त्यांच्याकडे जायचो, पण कधी? दुसऱ्या दिवशी. पाण्याच्या दिवशी घर सोडायचं नाही ना. डॉक्टरांसमोर मांजर अगदी ठणठणीत, टेबलावर बसून पाय चाटणार. त्यांनी रक्त तपासलं, सगळं चांगलं निघालं. उंदराचं औषध ठेवता का? नाही. फिनेल? ते संडासात, तिकडे मांजर जात नाही. गोचिडाची पावडर? नाही. अंगाला कसलं औषध लावता का? छे हो, कसलं औषध? मी त्यांना पाण्याच्या दिवसाचंही सांगितलं. त्या दिवशी अक्का सगळं धुवून काढतात. देव, देवाची भांडी, उशांचे अभ्रे, स्वतःचे केस आणि शेवटी मांजर. धुतलेल्या देवांची पूजा होते, घरभर कापराचा, उदबत्तीचा वास. डॉक्टर म्हणाले, अंघोळीनं फिट येत नाही, पण इतकी अंघोळ नको, घातलीच तर नीट पुसा, गारठू देऊ नका. मी घरी येऊन अक्कांना तसंच सांगितलं. गारठू द्यायचं नाही. त्यांनी मान डोलावली.

"कारण सापडत नाही," डॉक्टर शेवटी म्हणाले. "काही मांजरांना येतात अशा." मी इतकी चिडले! एवढं रक्त काढलं, आणि उत्तर काय तर येतात अशा! त्यांनी गोळ्या दिल्या, आणि पुढची फिट आली की मोबाईलमध्ये व्हिडिओ काढून आणा म्हणाले. काढला मी. एका हातात पाइप, दुसऱ्यात मोबाईल. त्यात माझं पाऊल आलं, ओली फरशी आली, अक्कांचा आवाज आला, मांजर काही आलं नाही. गोळ्यांचं तर विचारूच नका. मी दिली की ते गिळल्याचं नाटक करायचं आणि फ्रिजमागे जाऊन थुंकायचं. अक्का दोन शब्द बोलल्या की तोंड उघडायचं. गोळ्यांनी ते झिंगल्यासारखं चालायला लागलं, पण पाण्याच्या दिवशीची फिट चुकली नाही. आधी दर वेळी यायची नाही, आता दर वेळी यायला लागली.

मग पावसाळ्याच्या शेवटाला ती मोठी आली. पाणी येऊन बराच वेळ झालेला, हे कारखान्यात. फिट आली, थांबली असं वाटेपर्यंत दुसरी लागली, ती थांबेना. मांजराचे डोळे पांढरे झाले. अक्का भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी टॉवेलात मांजर गुंडाळलं आणि म्हटलं, चला. त्यांनी मान हलवली. "तूच ने. माझ्या डोळ्यांदेखत नको. पाणी मी बघते." मी भरता ड्रम तसाच सोडला आणि नळ चालू असताना घराबाहेर पडले. असं मी आजवर केलं नव्हतं. रिक्षात टॉवेल छातीशी धरून मी त्या मांजराला शिव्या घालत होते. मरू नको रे मेल्या, मरू नको, त्या बाईकडे बघ जरा, असंच काहीतरी. रिक्षावाला मागं वळून वळून बघत होता.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. बऱ्याच वेळाने पाय हलायचे थांबले. टॉवेल सोडवताना ते एकदम वाकले आणि मांजराच्या पाठीला नाक लावलं.

"हा वास कसला?"

"कापराचा असेल. आज पूजा होती ना घरात."

"पूजेचा नाही. अंगाला आहे. हे बघा, केस तेलकट आहेत."

मी बोट लावून बघितलं. खोबरेल तेल आणि कापूर. अक्का स्वतःच्या गुडघ्यांना लावतात तेच. गारठू द्यायचं नाही म्हटल्यावर त्यांनी काय केलं असेल, ते मला तिथं उभ्याउभ्या दिसलं. मी बाहेर पाइप धरून असायचे आणि त्या आत अंघोळ घातलेल्या मांजराला मांडीवर घेऊन छातीपाठ चोळत असायच्या. आधी थोडंसं, आणि मी निरोप आणल्यापासून भरपूर.

"कापूर मांजराला विष आहे," डॉक्टर म्हणाले. "ती अंग चाटतात, सगळं पोटात जातं. मी विचारलं होतं तुम्हाला, अंगाला औषध लावता का."

"अहो पण ते औषध कुठंय? कापूर आहे तो. देवाचा!"

ते माझ्याकडे बघत राहिले. मीही त्यांच्याकडे. दुसऱ्या दिवशी न्यायचो तोवर ते अंग चाटून स्वच्छ झालेलं असायचं, वास गेलेला असायचा. डॉक्टरांना तरी कसं कळावं?

मांजर संध्याकाळपर्यंत तिथं ठेवायचं ठरलं. मी बाहेर येऊन ह्यांना फोन लावला. राग इतका आला होता की आवाज फाटत होता. करंट काय, जार काय, चप्पल काय, आणि घरातच आपल्या हाताने विष चोळतोय आपण! ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अक्काला सांगू नकोस." मी म्हटलं, म्हणजे? "सांगितलंस तर ती खाणं सोडेल. तू बघितलंस की तिला. काहीही सांग, हे नको." माझ्या पोटात काही राहत नाही हे अख्ख्या पेठेला माहीत आहे, आणि ह्या माणसाला ही जबाबदारी द्यायला मीच सापडले!

घरी आले तर अक्का दारात उभ्या. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. ड्रम भरलेला, टाकी भरलेली, हंडे, कळशा, पातेली, चहाचं भांडंसुद्धा काठोकाठ भरून ठेवलेलं. त्या वयात मोटार, पाइप, जिना, सगळं एकटीनं केलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "आहे का?"

"आहे. संध्याकाळी आणायचं."

त्या पायरीवरच बसल्या. पायरी ओली होती, त्यांना कळलं नाही. मी म्हटलं, डॉक्टरांनी अंघोळ बंद सांगितली आहे. आणि दोन दिवसांनी म्हटलं, माझं आताशा कापराच्या वासाने डोकं चढतं, घरात कापूर नको, आरती तुपाच्या निरांजनाने करू. गुडघ्याच्या तेलाची बाटली मी गटारीत ओतली. अक्का म्हणाल्या, "बरं, तुझं डोकं महत्त्वाचं."

पुढच्या पाण्याच्या दिवशी फिट आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. शेजारीण म्हणाली, दुवा लागली. आमचे हे, सगळं माहीत असून, तिच्यापुढे म्हणाले की मोटारीचं अर्थिंग बदललं त्याचा फरक. मी दात आवळून पोह्याची बशी तिच्यापुढे ठेवली.

मग हवा गार झाली आणि मांजर दोनदा शिंकलं. मला वाटतं, तेवढंच पुरलं. पाणी आलं होतं, पाइप जोडाजवळ गळायला लागला म्हणून चिंधी आणायला मी आत आले. आतल्या खोलीचं दार लोटलेलं. मी ढकललं. अक्का खाली बसलेल्या, मांडीवर मांजर, शेजारी छोटी वाटी, उजव्या हाताचा तळवा तेलाने चकचकीत. मला बघून ओशाळल्या. "दार लावलंय गं, तुला वास येऊ नये म्हणून. कूसूला सर्दी झालीय, डबीत उरला होता तेवढाच कापूर, जरासंच..."

"अक्का! थांबा! त्या कापरानेच येत होती त्याला फिट!"

बोलून गेले. मांजर दचकून पळालं. अक्का हात तसाच धरून बसल्या. बाहेर मोटार घरघरत होती आणि मला ती बंद करायचं सुचेना.

"माझ्या हाताने?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

"मग तू सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही खाणं सोडाल म्हणून!" मी ओरडलेच. "त्या खिडकीशी जाऊन बसाल म्हणून! मी किती ताटं घेऊन उभी राहिले तुमच्यापुढे, माहिती आहे तुम्हाला?" आणि मला रडू आलं, जे मला मुळीच आवडत नाही.

त्या खिडकीशी गेल्या नाहीत. जेवल्याही. कदाचित माझ्या ओरडण्याला घाबरून जेवल्या असतील. पण मांजराला हात लावायच्या बंद झाल्या. दूधभाकरी चमच्याने कालवायच्या, वाटी पायाने सरकवायच्या, बोलायचं नाव नाही. त्या मुक्या जनावराला काय कळतंय? ते आपलं रोजच्यासारखं मांडीवर चढून बसायचं. मग अक्का दोन्ही हात वर उचलून धरायच्या, खांद्याइतके, आणि ते झोपून उठेपर्यंत तशाच बसायच्या. हात थरथरायला लागले तरी खाली घ्यायच्या नाहीत. मी येताजाता बघायचे. भाजी चिरताना बघायचे. माझ्याच्याने बघवेना.

एकदा दुपारी मी हातातलं टाकून त्यांच्यापुढे जाऊन बसले. "अक्का, ठेवा हात."

"नको गं. भीती वाटते."

"मला काय हौस वाटते? कोरडा हात आहे तुमचा. काही लागलेलं नाही त्याला. ठेवा म्हणते ना!"

मी त्यांचं मनगट धरून खाली ओढलं. त्यांनी ओढू दिलं, पण मांजराच्या पाठीजवळ आल्यावर हात पालथा केला आणि बोटांची मागची बाजू त्याच्या केसांना टेकवली. मांजराने डोळे मिटले. अक्का अगदी हळू म्हणाल्या, "बा." ते तर मांडीवरच होतं.

त्याला आता फिट येत नाही. चांगलं दांडगं झालंय, माझ्या दुधावरची साय चाटतं आणि मी ओरडते. अक्का दिवसभर त्याच्याशी बोलतात. कुरवाळतात मात्र अजून पालथ्या हातानेच.